जर्मनीतील मद्यपी चालक, अपघात आणि जखमींचे हक्क : कायदा काय सांगतो?

जर्मनीत मद्यपान करून वाहन चालविणाऱ्याच्या हातून अपघात घडला, की त्या एका घटनेतून तीन स्वतंत्र प्रकरणे उभी राहतात. पहिले फौजदारी; त्यात राज्य विरुद्ध चालक असा सामना असतो. दुसरे परवान्याचे, ते न्यायालय आणि परवाना कार्यालय यांच्यासमोर चालते. तिसरे नुकसानभरपाईचे, ते जखमी व्यक्ती आणि विमा कंपनी यांच्यातले असते. तिन्हींची कार्यालये वेगळी, मुदती वेगळ्या आणि पुराव्याच्या कसोट्याही वेगळ्या.

भारतातून आलेल्या कुटुंबांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. पोलिसांनी गुन्हा नोंदविला, चालकाला शिक्षा झाली, म्हणजे भरपाईही ओघाने येईल, अशी समजूत करून घेतली जाते. प्रत्यक्षात पोलीस किंवा सरकारी वकील कोणाच्या वतीने भरपाई मागत नाहीत. ती जखमीने किंवा त्याच्या आप्तांनी स्वतः, लेखी आणि मुदतीत मागावी लागते. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत थांबणाऱ्याचा हक्क मुदतबाह्य होण्याचा धोका असतो.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना झालेली अटक, यांमुळे ते प्रकरण परदेशस्थ मराठी घरांतही दीर्घकाळ चर्चेत राहिले. मृत दोघेही याच वाचकवर्गाच्या व्यवसायातले होते. असा प्रसंग म्युनिक, फ्रँकफर्ट किंवा श्टुटगार्टच्या रस्त्यावर ओढवला तर काय होईल, याची मांडणी पुढे केली आहे.

प्रोमिलचे गणित

रक्तातील मद्यार्काचे प्रमाण जर्मनीत ‘प्रोमिल’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम रक्तात एक ग्रॅम मद्यार्क म्हणजे एक प्रोमिल. भारतातील मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ती साधारण ०.३ प्रोमिल भरते. म्हणजे कागदावर भारताचा नियम जर्मनीपेक्षा कडक आहे. फरक आहे तो अंमलबजावणीत आणि अपघातानंतरच्या यंत्रणेत.

जर्मन कायद्यात मर्यादा एक नसून अनेक आहेत, आणि प्रत्येकीचा परिणाम निराळा आहे.

शून्य प्रोमिल : परवाना मिळून परीक्षणाचा काळ संपलेला नाही अशा चालकांना आणि २१ वर्षांखालील सर्वांना १ ऑगस्ट २००७ पासून मद्य पूर्णपणे वर्ज्य आहे. परीक्षणाचा काळ सामान्यतः दोन वर्षांचा असतो. नियम मोडल्यास दंड, एक गुण, सक्तीचे प्रशिक्षण आणि परीक्षणकाळात दोन वर्षांची वाढ होते.

०.३ प्रोमिल : चालकाची गाडी झोकांड्या घेत असेल, त्याने चूक केली असेल किंवा अपघात घडला असेल, तर या पातळीपासूनच फौजदारी गुन्हा होऊ शकतो. ‘मर्यादा अर्ध्या प्रोमिलची आहे, मी तिच्या आत होतो,’ हा बचाव अपघातानंतर टिकत नाही.

०.५ प्रोमिल : वाहन कितीही सफाईने चालविले असले तरी हा नियमभंग ठरतो. पहिल्या वेळी ५०० युरो दंड, फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत दोन गुण आणि एक महिन्याची वाहनबंदी; दुसऱ्या वेळी १,००० आणि तिसऱ्या वेळी १,५०० युरो दंड, तसेच दोन्ही वेळी तीन महिन्यांची बंदी. श्वासचाचणीत यासाठी एका लिटर श्वासात ०.२५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात.

१.१ प्रोमिल : या पातळीला चालक वाहन चालविण्यास पूर्णतः असमर्थ मानला जातो. त्याने चूक केली की नाही, हे तपासण्याची गरज उरत नाही. ही सीमा संसदेने घातलेली नसून जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी व दिवाणी न्यायालयाने, म्हणजे कार्ल्सरूहच्या बुंडेसगेरिश्ट्सहोफने, २८ जून १९९० च्या निर्णयात आखली. त्याआधी ती १.३ होती.

१.६ प्रोमिल : सायकलस्वारांसाठी पूर्ण असमर्थतेची हीच सीमा आहे. भाड्याच्या विजेच्या स्कूटरला मात्र सायकलची सवलत नाही. बव्हेरियाच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती मोटार वाहनाच्या पंक्तीत बसवून तिला १.१ चीच सीमा लावली. ऑक्टोबरफेस्टहून मोटार टाळून स्कूटरवरून घरी निघालेल्या अनेकांचे परवाने याच कारणाने गेले आहेत.

शरीर ताशी साधारण ०.१ ते ०.२ प्रोमिल एवढेच मद्य निचरवते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा भरपेट जेवण यांनी हा वेग वाढत नाही. रात्री दीड प्रोमिलला पोहोचलेली व्यक्ती सकाळी सातला कार्यालयाच्या वाटेवर असताना अजूनही मर्यादेबाहेर असू शकते.

कायदा इथवर कसा आला

आजची कडक शिस्त जर्मनीत पहिल्यापासून नव्हती. पश्चिम जर्मनीत ०.८ प्रोमिलची वैधानिक मर्यादा १९७३ मध्ये आली. पूर्व जर्मनीत शून्याचा नियम होता. एकीकरणानंतर १९९२ अखेरपर्यंत एकाच देशात दोन नियम चालू राहिले, आणि १९९३ पासून पूर्वेकडचा कडक नियम शिथिल होऊन ०.८ सर्वत्र लागू झाले. ०.५ ची मर्यादा १९९८ मध्ये आली.

त्या काळच्या मानसिकतेची कल्पना एका प्रकरणावरून येते. ऑक्टोबर १९८३ मध्ये बव्हेरियातील ख्रिश्चन सोशल युनियनचे सरचिटणीस ओटो वीसहॉय यांची मर्सिडीज महामार्गावर एका छोट्या फियाट मोटारीवर आदळली. त्यांच्या रक्तात १.७५ प्रोमिल मद्यार्क होता. फियाटचा चालक मरण पावला आणि सोबतचा गृहस्थ गंभीर जखमी झाला. वीसहॉय यांनी पक्षपद सोडले. अपिलात त्यांना बारा महिन्यांची स्थगित कैद आणि २०,००० मार्कांचा दंड झाला. पुढे १९९३ मध्ये तेच गृहस्थ बव्हेरियाचे अर्थमंत्री झाले, आणि त्या खात्यात वाहतुकीचाही समावेश होता.

२०१० सालचा प्रसंग त्याच्या नेमका उलट आहे. जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या अध्यक्ष, त्या पदावरील पहिल्या महिला, मार्गोट केसमान यांनी फेब्रुवारीतील एका रात्री हॅनोव्हरमध्ये लाल दिवा ओलांडला. तपासणीत १.५४ प्रोमिल आढळले. कोणाला ओरखडाही आला नव्हता. तरीही चार दिवसांत त्यांनी अध्यक्षपद आणि बिशपपद दोन्हींचा राजीनामा दिला. या दोन प्रसंगांमधील सत्तावीस वर्षांत जर्मन समाजाची सहनशीलता किती घटली, हे त्यांवरून दिसते. रस्त्यावरील बळींची संख्याही घटली. १९७० मध्ये दोन्ही जर्मनींत मिळून २१,३३२ माणसे रस्त्यावर मेली. २०२३ मध्ये हा आकडा २,८३९ होता. या घटीमागे सीटबेल्ट, सुरक्षित मोटारी, वेगमर्यादा आणि तातडीची वैद्यकीय सेवा अशी अनेक कारणे आहेत; मद्यविषयक कायदा त्यांपैकी एक.

फौजदारी बाजू

जर्मन दंडसंहितेचे कलम ३१६ नशेत वाहन चालविण्याबद्दल आहे. अपघात झाला नाही तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या जिवाला अथवा मोठ्या किमतीच्या मालमत्तेला धोका उत्पन्न झाला तर कलम ३१५ क लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. गुन्हा निष्काळजीपणाचा असेल तर कमाल दोन वर्षे. निष्काळजीपणाने दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत आणि मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अपघातस्थळावरून पळून जाणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

श्वासचाचणी ऐच्छिक आहे; ती नाकारता येते. रक्तचाचणी नाकारता येत नाही. अशा गुन्ह्यांत २०१७ पासून त्यासाठी न्यायाधीशाच्या आदेशाचीही गरज राहिलेली नाही; पोलीस रक्त घेण्याचा आदेश देऊ शकतात आणि डॉक्टर रक्त घेतात.

दंड दिवसांच्या हिशेबात ठरतो. एका दिवसाचा दर म्हणजे व्यक्तीच्या निव्वळ मासिक उत्पन्नाचा तिसावा भाग. महिन्याला ४,५०० युरो हातात येणाऱ्या अभियंत्याला चाळीस दिवसांचा दंड झाला, तर ती रक्कम ६,००० युरो होते. १,५०० युरो मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच दंडाचे २,००० युरो पडतात. साध्या प्रकरणात न्यायालय सुनावणीविना लेखी दंडादेश पाठविते. त्याला ‘श्ट्राफबेफेल’ म्हणतात. तो पिवळ्या लिफाफ्यात येतो आणि हाती पडल्यापासून दोन आठवड्यांत हरकत न घेतल्यास अंतिम निकालासारखा लागू होतो. जर्मन समजत नाही म्हणून लिफाफा न उघडता ठेवणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

मृत्यू घडला असेल तर जोडीदार, आई-वडील, मुले आणि भावंडे यांना सहफिर्यादी म्हणून खटल्यात उभे राहण्याचा अधिकार आहे. त्यांचा वकील कागदपत्रे पाहू शकतो, साक्षीदारांना प्रश्न विचारू शकतो. जखमीला गंभीर परिणाम भोगावे लागत असतील तर हा अधिकार त्यालाही मिळू शकतो.

परवाना आणि मानसशास्त्रीय परीक्षा

कलम ३१६ किंवा ३१५ क खाली दोषी ठरलेल्याचा परवाना सहसा रद्द होतो, आणि नवा परवाना देण्यास किमान सहा महिने ते पाच वर्षे मनाई केली जाते. मनाईचा काळ संपला म्हणजे जुना परवाना परत मिळत नाही. नवा अर्ज करावा लागतो. १.६ प्रोमिल किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळले असल्यास, किंवा गुन्हा दुसऱ्यांदा झाला असल्यास, वैद्यकीय-मानसशास्त्रीय तपासणी सक्तीची होते. १.१ च्या वर असूनही चालकात नशेची बाह्य लक्षणे दिसत नसतील, तरीही ही तपासणी मागता येते, असे संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०२१ मध्ये ठरविले. इतक्या नशेतही जो शुद्धीत दिसतो त्याला मद्याची सवय जडली असावी, हा त्यामागचा तर्क. मद्यापासून दूर राहिल्याचा पुरावा म्हणून केसांची किंवा लघवीची तपासणी अनेक महिने द्यावी लागू शकते.

भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू केल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा देऊन जर्मन परवाना घ्यावा लागतो. सहा महिन्यांच्या आत गुन्हा घडल्यास भारतीय परवान्यावर जर्मनीत वाहन चालविण्याचा हक्क संपतो.

भरपाई कोण देणार?

जखमीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. जर्मन रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम ७ नुसार वाहनाच्या वापरातून कोणाला इजा झाली, तर वाहनधारक जबाबदार असतो. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. स्वतः चालविणारा मद्यपी मित्र असो वा धारकाचा मुलगा, धारकाची जबाबदारी सुटत नाही; दैवी आपत्तीसारखे कारण असेल तरच ती टळते. चालकाची चूक कलम १८ नुसार गृहीत धरली जाते. आपली चूक नव्हती हे त्याने दाखवायचे असते. याशिवाय नागरी संहितेच्या कलम ८२३ खाली दोष सिद्ध करूनही दावा करता येतो. पहिल्या मार्गात शारीरिक हानीसाठी एकूण ५० लाख युरोंची कमाल मर्यादा आहे. दोषावर आधारित दाव्यात तशी मर्यादा नाही.

प्रत्येक मोटारीला दायित्व विमा सक्तीचा आहे आणि शारीरिक हानीसाठी त्याची किमान रक्कम ७५ लाख युरो आहे. जखमी व्यक्ती चालकाला बाजूला ठेवून थेट त्या विमा कंपनीकडे भरपाई मागू शकते. ‘चालक नशेत होता, म्हणून आम्ही पैसे देणार नाही,’ असे कंपनी जखमीला सांगू शकत नाही. तिला आधी जखमीचे पैसे द्यावे लागतात. नंतर ती आपल्या विमाधारकाकडून वसुली करू शकते. चालविण्यापूर्वी मद्य घेतल्याच्या कारणावरून होणारी ही वसुली ५,००० युरोंपर्यंत मर्यादित असते. चालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र पूर्णपणे नाकारला जाऊ शकतो.

गाडीचा क्रमांक ठाऊक असेल तर तिची विमा कंपनी कोणती, हे जर्मन विमा कंपन्यांच्या केंद्रीय दूरध्वनी सेवेकडून कळते. या सेवेचे नाव ‘त्सेन्ट्रालरूफ डेर आउटोफरझिशरर’. चालक पळून गेला आणि सापडलाच नाही, किंवा वाहनाला विमाच नव्हता, तर बर्लिनमधील ‘फेरकेर्सओप्फरहिल्फ’ या संस्थेच्या निधीकडे दावा करता येतो.

सायकलस्वाराच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. सायकलला सक्तीचा विमा नाही. मद्यधुंद सायकलस्वाराने कोणाला पाडले, तर भरपाई त्याच्या वैयक्तिक दायित्व विम्यातून किंवा खिशातून द्यावी लागते. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे असा वैयक्तिक दायित्व विमा असणे का आवश्यक आहे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दोन वाहनांची टक्कर झाली असेल तर दोघांच्या वाट्याची तुलना होते. इथे एक बारकावा आहे. समोरचा चालक नशेत होता एवढ्यानेच सगळा दोष त्याच्यावर जात नाही. ती नशा अपघाताला कारण ठरली असेल तरच तिचे वजन धरले जाते. म्हणून अपघातस्थळाची छायाचित्रे, साक्षीदारांचे पत्ते आणि तज्ज्ञाचा अहवाल यांचे महत्त्व नशेच्या पुराव्यामुळे कमी होत नाही. दहा वर्षांखालील मुलाला मोटारीने धडक दिली असल्यास, मूल धावत रस्त्यावर आले होते म्हणून भरपाई कापता येत नाही.

कशाकशाची भरपाई?

उपचारांचा खर्च बहुधा आरोग्य विमा उचलतो आणि मागाहून दोषी बाजूच्या विमा कंपनीकडून वसूल करतो. पगार पहिले सहा आठवडे नियोक्ता देतो. त्यानंतर सक्तीच्या आरोग्य विम्यातून आजारभत्ता मिळतो. तो पगारापेक्षा कमी असतो, आणि उरलेली तफावत भरपाईत मागता येते. वाढीव पगार, ठरलेली बढती, बुडालेला बोनस यांचे पुरावे जपून ठेवावे लागतात.

घरकामाची भरपाई हा आपल्याकडे दुर्लक्षिला जाणारा हक्क आहे. घर सांभाळणारी व्यक्ती पगार मिळवीत नसली तरी तिच्या कामाला जर्मन कायदा पैशांत मोल देतो. हात मोडल्याने स्वयंपाक, साफसफाई, मुलांची देखभाल करता येत नसेल, तर किती तासांचे काम अडले याचा हिशेब करून रक्कम मागता येते. त्यासाठी बाहेरची बाई ठेवलीच पाहिजे असे नाही. आईने किंवा सासूने येऊन ते काम विनामोबदला केले तरी हक्क जात नाही. रोजच्या अडचणींची नोंद करणारी साधी वही इथे मोठा पुरावा ठरते.

वेदना आणि यातना यांसाठी मिळणाऱ्या रकमेला ‘श्मेर्त्सेन्सगेल्ट’ म्हणतात. कायद्यात तिचे दर नाहीत. न्यायालये आधीच्या निकालांच्या सूचींशी तुलना करून आकडा ठरवितात. दिवसामागे ठरावीक रक्कम मोजण्याची पद्धत बुंडेसगेरिश्ट्सहोफने २०२२ मध्ये अमान्य केली. दुखापतीचे स्वरूप, उपचारांचा काळ, कायमचे व्यंग, वय आणि दोषाची तीव्रता यांचा एकत्रित विचार करावा असे बजावले. चालक नशेत होता ही बाब इथे रक्कम वाढवू शकते. परंतु चालकाला अद्दल घडविण्यासाठी प्रचंड रकमा देण्याची अमेरिकी पद्धत जर्मनीत नाही. अमेरिकेत राहिलेल्या वाचकांना जर्मन आकडे त्यामुळे कमी वाटतात.

मृत्यू ओढवल्यास

आप्तांना सर्वांत जास्त धक्का बसतो तो इथे. जर्मन कायद्यात मृत्यूची म्हणून स्वतंत्र किंमत नाही. अंत्यसंस्काराचा खर्च, आणि मृत व्यक्ती ज्यांचे पालनपोषण करण्यास कायद्याने बांधील होती त्यांच्या पोटगीची हानी, एवढेच मुख्यत्वे मिळते. पती-पत्नी आणि मुलांना ही पोटगी मोठी असू शकते. आई-वडिलांना ती मिळवायची तर ते मृत मुलावर कायद्याने अवलंबून होते, हे दाखवावे लागते. गावाकडे पाठविलेल्या पैशांच्या बँक नोंदी, आई-वडिलांच्या उत्पन्नाचे दाखले आणि औषधोपचारांची बिले तेव्हा कामी येतात. भारतात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय आणि उत्पन्न यांना गुणक लावून रक्कम काढते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधील सरला वर्मा निकालाने ती रीत पक्की केली. जर्मनीत असा गुणक नाही.

२२ जुलै २०१७ पासून नागरी संहितेत एक नवा हक्क आला. जवळच्या माणसाच्या मृत्यूने झालेल्या मानसिक दुःखाबद्दल आप्तांना रक्कम मिळते. तिला ‘हिन्टरब्लीबेनेनगेल्ट’ म्हणतात. जोडीदार, आई-वडील आणि मुले यांच्याबाबत जवळीक गृहीत धरली जाते. भावंडांना किंवा वाङ्‌निश्चय झालेल्या, अजून विवाहबद्ध न झालेल्या व्यक्तीला ती सिद्ध करावी लागते. प्रत्येकी साधारण १०,००० युरो हा मार्गदर्शक आकडा न्यायालये समोर ठेवतात; परिस्थितीप्रमाणे तो कमी-जास्त होतो. सातारा किंवा नांदेडला राहणाऱ्या आई-वडिलांनाही हा हक्क आहे. अपघात जर्मनीत घडला असल्यास सामान्यतः जर्मन कायदाच लागू होतो, मग हक्कदार कोठेही राहो. दुःखाने आप्त स्वतः आजारी पडला असेल आणि त्याचे वैद्यकीय निदान झाले असेल, तर त्याला स्वतःच्या आजाराची वेगळी भरपाईही मागता येते.

मित्राच्या गाडीत बसलेला प्रवासी

गणेशोत्सवानंतरचे जेवण, वाढदिवस, कार्यालयातली निरोपाची मेजवानी. परतताना एक मित्र गाडी चालवितो आणि तीन जण मागे बसतात. अपघात झाला तर मागे बसलेल्यांना त्या मित्राच्याच विमा कंपनीकडे भरपाई मागता येते. मित्राविरुद्ध कसे जायचे, या संकोचाने अनेक जण हा हक्क सोडून देतात. परंतु दावा प्रत्यक्षात विमा कंपनीविरुद्ध असतो. त्यामुळे मित्राच्या खिशाला लागणारी झळ वर सांगितलेल्या ५,००० युरोंच्या वसुलीपुरती राहते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या खर्चापुढे ती रक्कम क्षुल्लक आहे.

मात्र चालक प्यालेला आहे हे ठाऊक असताना, किंवा सहज लक्षात येण्याजोगे असताना, प्रवासी गाडीत बसला असेल तर त्याची भरपाई सहदोषामुळे कापली जाते. एकाच टेबलावर बसून सोबत पिणाऱ्याला ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणणे अवघड जाते. सीटबेल्ट न लावल्यास आणखी कपात होऊ शकते.

कामाच्या वाटेवर

घर ते कार्यालय या सरळ वाटेवर मद्यपी चालकाने धडक दिली, तर तो कामाशी निगडित अपघात मानला जातो आणि ‘बेरुफ्सगेनोसेनशाफ्ट’ या व्यावसायिक अपघात विमा संस्थेकडून उपचार, पुनर्वसन आणि कायमचे व्यंग राहिल्यास निवृत्तिवेतन मिळू शकते. यातनांची रक्कम ही संस्था देत नाही; ती चालकाच्या विमा कंपनीकडेच मागायची. म्हणून डॉक्टरांना आणि नियोक्त्याला पहिल्याच दिवशी सांगावे, की अपघात कामाच्या वाटेवर घडला. जखमी कर्मचारी स्वतःच नशेत असेल आणि नशा हेच अपघाताचे कारण असेल, तर हे संरक्षण सुटते. पगारही बंद होऊ शकतो.

मुदत, वकील आणि खर्च

भरपाईच्या हक्काची सामान्य मुदत तीन वर्षे आहे. ती ज्या वर्षी अपघात झाला आणि जबाबदार व्यक्ती कळली त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. मार्च २०२४ मधील अपघाताची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. विमा कंपनीकडे लेखी दावा केल्यावर तिचा लेखी निर्णय येईपर्यंत मुदतीचे घड्याळ थांबते. कंपनीने तीन महिन्यांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे.

विमा कंपनी अनेकदा एकरकमी तडजोडीचा कागद पुढे करते. त्यावर सही केली की पुढच्या शस्त्रक्रियेचे, वाढलेल्या दुखण्याचे किंवा गेलेल्या नोकरीचे पैसे पुन्हा मागता येत नाहीत. उपचार पूर्ण होण्याआधी सही करू नये. करायचीच झाल्यास भविष्यातील हानीचा हक्क राखून ठेवल्याचे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

विमा कंपनीचा माणूस दूरध्वनीवर कितीही आपुलकीने बोलला तरी तो समोरच्या बाजूचा असतो. वाहतूक कायद्यातील विशेष वकिलाला ‘फाखआनवाल्ट फ्यूर फेरकेर्सरेश्ट’ म्हणतात. दोष पूर्णपणे दुसऱ्याचा असेल तर या वकिलाचे कायदेशीर दराचे शुल्क विमा कंपनीलाच द्यावे लागते. भरपाईचा ठरावीक हिस्सा घेण्याच्या बोलीवर वकील नेमणे जर्मनीत अपवादात्मक परिस्थितीतच चालते. न्यायालयात हरणाऱ्याने दोन्ही बाजूंचा खर्च सोसायचा, हा नियम आहे; म्हणून वाहतूक विषयक कायदेसहाय्य विमा उपयोगी पडतो. उत्पन्न कमी असेल तर राज्याकडून सल्ल्यासाठी आणि खटल्यासाठी मदत मिळते; परदेशी विद्यार्थ्यालाही ती मागता येते.

चालक आपल्यातलाच असेल तर

हा लेख केवळ जखमींसाठी नाही. परदेशी नागरिकाच्या हातून असा गुन्हा घडला, तर दंड आणि परवाना यांच्या पलीकडेही परिणाम होतात. तपास चालू असताना नागरिकत्वाचा अर्ज थांबवून ठेवला जातो. नव्वद दिवसांपर्यंतचा दंड नागरिकत्वाच्या आड सहसा येत नाही, परंतु अनेक दंड असतील तर त्यांची बेरीज होते. एकमेव शिक्षा नव्वद दिवसांच्या आत असेल तर ती नोकरीसाठी मागितल्या जाणाऱ्या चारित्र्य दाखल्यावर उमटत नाही. त्याहून मोठी शिक्षा उमटते. कैदेची शिक्षा झाल्यास वास्तव्याच्या परवान्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

अपघातानंतर चालकाने थांबणे, जखमीला मदत करणे आणि ११२ क्रमांकावर कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे. आपले नाव, पत्ता आणि विम्याची माहिती द्यावी लागते. घटनेविषयी जबाब देणे मात्र बंधनकारक नाही, आणि वकिलाशी बोलेपर्यंत तो न देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ‘मी दोनच बिअर घेतल्या होत्या’ असे सौजन्याने केलेले विधान पुढे पुरावा म्हणून वाचले जाते.

जखमीने किंवा त्याच्या सोबत्याने पोलिसांना ११० क्रमांकावर बोलवावे, समोरच्याच्या तोंडाला मद्याचा वास येत असल्याचे त्यांना स्पष्ट सांगावे, पोलिसांचा प्रकरण क्रमांक टिपून घ्यावा आणि दुखणे किरकोळ वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून नोंद करून घ्यावी. मानेचे आणि डोक्याचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. त्या दिवशीची नोंद नसेल, तर ते दुखणे अपघाताचेच होते हे पटवून देणे नंतर फार कठीण जाते.